डहाणूच्या गाडीत भुंकायचं नाही

आमच्या झुंबरला समुद्राची हौस नव्हती, हे आधी सांगते. आता कॉलनीतल्या बाया हळहळतात, बिचाऱ्याची समुद्र बघायची हौस राहिली. कसली हौस घेऊन बसलात? त्याला श्वास पाहिजे होता. समुद्र डॉक्टरने सांगितला म्हणून. डॉक्टरने डोंगर सांगितला असता तर तो डोंगरावर गेला असता, पण कुत्र्याला घेऊनच गेला असता.

मी त्याची थोरली बहीण, भिमाबाई. नाशिकरोडला आमची बौद्धांची कॉलनी आहे, तिथे दोन खोल्यांत आम्ही भाऊबहीण राहायचो. माझा नवरा तरुणपणीच गेला. झुंबरने लग्न केलं नाही. त्यावरून लोकांना जे काय बोलायचं ते त्यांनी आमच्या तोंडावर आणि पाठीमागे बोलून घेतलं. मी बाळंतिणींच्या दवाखान्यात आया होते, सकाळी जायची ते दिवस कलल्यावर यायची. झुंबर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत होता. गिरणी शेठची, पण चालवायचा हाच. आधी पलीकडच्या आळीतल्या बाया त्याच्या हातचं दळण नेत नसत. त्यांच्याकडची गिरणी बंद पडली तशा मुकाट्याने डबे घेऊन यायला लागल्या. तोही मुकाट्याने दळून द्यायचा. मी असते तर चार शब्द सुनावले असते.

वर्षानुवर्षं पीठ उडालं ते याच्या छातीत जाऊन बसलं. दमा लागला. बरा असला म्हणजे अगदी बरा, शिट्टी वाजवत दळण करील. पण दमा उठला म्हणजे असा उठायचा की माणूस खाटेवर बसून पुढे वाकायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं, आणि छातीत नुसती घरघर. तोंडातून शब्द निघायचा नाही. कुणाला हाक मारणार? मी तिकडे दवाखान्यात. हा घरात एकटा.

एकटा म्हणजे कुत्रं होतं. त्याचं नाव फौजदार. ते गिरणीत सांडलेलं पीठ चाटायला यायचं, तेव्हा पिल्लू होतं, तोंड कायम पांढरं. झुंबरने त्याला घरी आणलं तेव्हा मी म्हणाले, "आपल्या दोघांचं तोंड भरता भरत नाही, हे तिसरं कशाला?" तर म्हणतो, "आक्का, ह्याचं तोंड गिरणीतच भरतं." गिरणीच्या जुन्या पट्ट्याची चिंधी कापून त्याने त्याला गळ्याचा पट्टा केला. कॉलनीत एक खरे पोलीस राहायचे, त्यांना हे नाव काही रुचलं नाही. झुंबरने त्यांना सांगितलं, तुम्ही अजून जमादार आहात, तुम्हाला बढती मिळाली की मी ह्याचं नाव बदलतो.

त्या कुत्र्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याला दमा कळायचा. झुंबरच्या छातीत घरघर सुरू झाली की ते दारात येऊन भुंकायला लागायचं. असं तसं नाही, गल्ली डोक्यावर घ्यायचं. मग शेजारची सुलाबाई हातातलं टाकून धावायची. झुंबरला बघायची आणि तशीच कोपऱ्यावरच्या डिस्पेन्सरीत जायची. तिथे सहादू कंपाउंडर. पुढे पुढे तर सुलाबाईलाही जावं लागेना. फौजदार भुंकला की सहादू सुई उकळून घ्यायचा आणि पेटी घेऊन निघायचा. इंजेक्शन दिलं की थोड्या वेळाने झुंबरचा जीव खाली बसायचा. असं किती वेळा झालं ते मोजायला कोण बसलंय. माझा भाऊ त्या भुंकण्यावर जगत होता, आणि हे आख्ख्या कॉलनीला माहीत होतं.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात डॉक्टरने निक्षून सांगितलं. गिरणी सोड आणि महिनाभर समुद्राकाठी हवापालट करून ये, नाहीतर पुढचा पावसाळा तुला झेपणार नाही. झुंबर घरी आला तो हसत आला. म्हणाला, "आक्का, डॉक्टर म्हणतो समुद्रावर जा. जसं काय आपला तिथे बंगला हाय."

बंगला नव्हता, पण भिकन गुरुजी होते. पूर्वी आमच्याच ओळीत राहायचे, मग त्यांची डहाणूकडे बदली झाली. त्यांना निरोप गेला. त्यांचा उलट निरोप आला की मे महिन्यात आम्ही सगळे गावी जातो, घर मोकळंच असतं, खुशाल येऊन राहा, अंगणातून समुद्र दिसतो. मी दवाखान्यात रजा मागितली. मिळाली. मला वाटलं, चला, सुटला माझा भाऊ. त्या रात्री मला लय दिवसांनी नीट झोप लागली.

सकाळी उठून बघते तर झुंबर फौजदाराला समोर बसवून सांगतोय, "समुद्राचं पाणी प्यायचं नाही, काय? खारट असतं. पोट बिघडेल."

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. जो भेटेल त्याला विचारायचा. वाळू दुपारी तापते का? मग कुत्र्याच्या पायाला चटके बसतील, त्याला सकाळ-संध्याकाळच न्यावं. अंगाला मीठ लागलं तर खाज सुटते का? मग आल्यावर गोड्या पाण्याने धुवावं लागेल, विहीर किती लांब? माशांचे काटे पडलेले असतात म्हणे, ते याने खाल्ले तर? तिकडची कुत्री अंगावर आली तर? आम्ही दोघांनी समुद्र बघितला नव्हता, ज्यांना विचारायचा त्यातल्या निम्म्यांनी बघितला नव्हता, पण सल्ला सगळे द्यायचे. सुलाबाई म्हणाली, भाऊ, कुत्र्याला पोहता येतं, तुमचं काय ते बघा. तो म्हणाला, मी काठावर बसून नुसता श्वास घेणार, मला कुठे पोहायचंय?

मी एकदा म्हटलं, "फौजदाराला सुलाबाईकडे ठेवू. ती बघेल."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काय मी त्याला घरातून जा म्हणाले. "तिथे मला उठला म्हणजे? तू बाजारात गेलेली असलीस म्हणजे? तिथे आपल्याला ओळखतं कोण? भुंकणारं कोणीतरी नको का जवळ?"

खरंच होतं ते.

आता न्यायचं कसं? आगगाडीने जायचं तर मुंबईवरून वळसा घालून जावं लागतं. झुंबर स्टेशनवर जाऊन चौकशी करून आला. कुत्र्याला गार्डाच्या डब्यात, पेटीत कोंडतात. हा एका टोकाला आणि कुत्रं दुसऱ्या टोकाला. तो म्हणाला, मग त्याला नेऊन उपयोग काय? राहिली एसटी. त्र्यंबक, जव्हार करत सरळ डहाणू. पण एसटीत कुत्रं घेत नाहीत.

तिथे आला सावळीराम. एसटीत कंडक्टर, सुलाबाईचा मावसभाऊ, तिच्याकडे जेवायला यायचा. डहाणूच्या गाडीवर त्याची ड्यूटी लागायची. झुंबरने त्याला गाठला. सावळीराम वाईट माणूस नाही. त्याने सांगितलं, "भाऊ, नियम म्हणजे नियम. पण झाकणाची करंडी घेऊन तुम्ही गाडीत बसलात, तर करंडीत काय हाय ते मी कशाला बघू? द्राक्षं असतील, कोंबडी असेल. फक्त आवाज नको. आवाज आला आणि पॅसेंजर ओरडले तर मला गाडी थांबवून तुम्हाला घाटात उतरवावं लागेल. माझ्या नोकरीचा सवाल हाय."

करंडी आली. फौजदार अंगाने लहान, नीट मावायचा. करंडीत बसायलाही त्याची ना नव्हती. तो मुळात भुंकायचाच कमी. गाड्यांवर नाही, भिकाऱ्यांवर नाही, बायांच्या भांडणावर नाही. भुंकायचा तो एकाच गोष्टीवर. आणि घाटात, गाडीच्या धुरळ्यात, झुंबर खोकणार, घरघरणार, हे तर ठरलेलंच.

तुमच्या ध्यानात आलं ना? माझ्याही आलं. मी स्वयंपाक करत होते. बाहेरच्या खोलीतून झुंबरच्या खोकल्याचा आवाज आला, मग घरघर, मग फौजदाराचं भुंकणं. मी भाकरी तव्यावर टाकून धावले. तर झुंबर खाटेवर धडधाकट बसलेला. एक हात वर, तळवा कुत्र्याकडे, चौकातल्या पोलिसासारखा. "गप्प," म्हणाला. कुत्रं गप्प झालं. त्याने डब्यातून गुळाचा खडा काढून त्याला दिला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"सराव. मी खोटं खोकायचं, त्याने गप्प बसायचं. गप्प बसला की गूळ."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "अरे, ज्या भुंकण्यावर तू जिता हायेस तेच बंद करतोस? तुझी अक्कल दळणात गेली का?"

"आक्का, थोड्या दिवसांचा प्रश्न हाय. डहाणूला पोचलो की दमा राहणारच नाही. मग भुंकून करायचंय काय?"

"आणि इथून निघेपर्यंत उठला तर?"

"तेव्हा भुंकेल की. खरं खोटं त्याला कळतं."

"तुला कसं माहीत कळतं?"

"मला माहीत हाय," तो म्हणाला. लहानपणापासून ह्याचं असंच. विहिरीत पाणी किती ते उडी मारल्यावर बघायचं. मी भांडले, दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, गुळाचा डबा वर फळीवर ठेवला. त्याने स्टूल घेऊन तो काढला. बाहेरची खोली त्याची आणि मी दिवसभर घरात नसायची. काय करणार? कुत्र्याला मी उलटं शिकवत बसू का?

नुसतं कुत्र्यालाच त्याने शिकवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. तो खोटं खोकायचा, फौजदार भुंकायचा, आणि सुलाबाई पिठाच्या हाताने धावत यायची. तिकडून सहादू पेटी घेऊन यायचा. एकदा झालं, दोनदा झालं. सहादू वैतागला. डिस्पेन्सरीत पेशंट टाकून येतो मी, म्हणाला, तुम्ही इथे गूळ वाटताय. तर ह्या शहाण्याने दोघांना सांगितलं, "निघेपर्यंत तो भुंकला तर येऊ नका. थोडा भुंकून गप्प झाला तर समजा सराव चाललाय. खरंच काय असलं तर तो थांबायचा नाही, तेव्हा या."

त्यांना पटलं. मलाही ऐकताना ते बरोबरच वाटलं होतं. थांबला नाही तर या. ह्यात चूक काय काढणार?

फौजदार लवकर शिकला. आधी दोनचार वेळा भुंकायचा, मग एकदाच, मग नुसता घशात गुरगुर करून बसायचा. पुढे झुंबर खोकला की तो तोंडातलं हाड सोडून यायचा, समोर बसायचा, तोंड मिटून, शेपूट जमिनीवर घासत, डोळे डब्यावर. गल्लीतली पोरं मुद्दाम येऊन बघायची. सावळीराम परीक्षा घ्यायला आला. करंडीत कुत्रं, करंडी टांग्यात, शेजारी झुंबर खोकतोय, आणि टांगा बाजारातून हिंडवून आणला. करंडीतून आवाज नाही. परत आल्यावर सावळीरामने झुंबरच्या पाठीवर थाप मारली. "पास झाला तुमचा फौजदार. परवाच्या गाडीला या." सुलाबाईने चहा केला. झुंबर इतका खूश होता की मला म्हणाला, "बघ, तू उगाच बोंबलत होतीस." मी म्हटलं, बरं बाबा, तू शहाणा. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. करंडी बांधली, दोन लुगडी, त्याचे लेंगे, कुत्र्याच्या पाण्याला जर्मनचं भांडं, सगळं पिशवीत भरलं.

दुसऱ्या दिवशी माझी रजेआधीची शेवटची पाळी. एक बाळंतीण अडली होती, तिचं होईस्तोवर निघता येईना. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी चालत घरी आले. ऊन उतरलं होतं. सुलाबाई ओट्यावर गहू निवडत होती. मला बघून म्हणाली, "उद्या चालला हो तुम्ही." मी म्हटलं, "चाललो बाई. ह्याच्या कुत्र्याच्या पायी एसटीत चोरासारखं बसायचंय." ती हसली.

दार लोटलेलं होतं. आत झुंबर खाटेवर बसलेला, पाठ भिंतीला, मान छातीवर. मला वाटलं, डोळा लागलाय. समोर फौजदार. ताठ बसलेला, तोंड मिटलेलं, शेपूट हलतंय. मी आले तसं त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग फळीवरच्या डब्याकडे, मग परत झुंबरकडे. मला समजलं, सराव चालला असणार आणि साहेब गूळ द्यायच्या आधीच झोपले. दिवसभराची दमले होते, पण मला कुत्र्याची दया आली. डबा काढला, खडा त्याच्या तोंडात दिला. म्हटलं, "घे बाबा. शिकलास एकदाचा."

त्याने तो खाल्ला आणि परत तसाच बसला.

मी आत जाऊन स्टोव्ह पेटवला. चहाचं आधण ठेवलं. हाक मारली, "झुंबर, उठ, चहा घेतोस ना?" परत हाक मारली. मग बाहेर आले आणि त्याच्या खांद्याला हात लावला. खांदा गार होता.

किती वेळ झाला होता कोणास ठाऊक. मी ओरडले असणार, कारण सुलाबाई आली, सहादू आला, पेटी घेऊन आला. त्याने नाडी बघितली, डोळे बघितले आणि पेटी उघडलीच नाही. सुलाबाई भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "दुपारी एकदा भुंकला हो. मोठ्याने भुंकला. मी उठलेच होते. मग गप्प झाला. मी म्हटलं, भाऊंचा सराव चाललाय." नंतर, अंत्ययात्रा आटोपल्यावर, सहादू मला म्हणाला की त्यानेही ते भुंकणं ऐकलं होतं. स्टुलावरून उठला होता आणि परत बसला होता.

एकदा भुंकला. म्हणजे त्याला खरं खोटं कळलं होतं. इतका गूळ खाऊनही कळलं होतं. मग गप्प का झाला? लोक म्हणतात, मुकं जनावर, सवय लागली. कुणी म्हणतं, कुत्र्याने घात केला, सोडून द्या त्याला कुठेतरी. सावळीराम तर म्हणाला, मी त्र्यंबकच्या पुढे जंगलात सोडून येतो. मी त्याला दारातून परत पाठवला. कुत्र्याने काय केलं? सांगितलं ते केलं.

गप्प झुंबरनेच केलं. मी बघायला नव्हते, पण मी त्याला कडेवर घेऊन वाढवलाय, मला माहीत आहे. काल करंडी पास झाली, उद्या गाडी. आत्ता ह्याला भुंकू दिलं आणि माणसं धावून आली, तर सगळं शिकवलेलं पुसलं जाईल, उद्या घाटात हा भुंकेल, आपल्याला उतरवतील. थोडा वेळ दम काढू. जाईल हा. एवढे काढलेत. असंच त्याच्या मनात आलं असणार. आणि त्याने हात वर केला असणार.

मला त्याचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण मला येतो. रडू येतं त्याच्या आधी राग येतो. एक भुंकणं आणखी होऊ दिलं असतंस तर सहादू निघालाच होता. काय बिघडलं असतं? डहाणू नसती झाली. पुढच्या वर्षी गेलो असतो. नसतो गेलो. नाशिकरोडला बसून खोकला असतास, मी बडबडले असते, गिरणीत नाही तर घरात पडून राहिला असतास. एवढं मोठं काय होतं त्या समुद्रात?

ह्याला आता तीन पावसाळे झाले. फौजदार माझ्याकडेच आहे. थकलाय, एका डोळ्याने दिसत नाही. गेल्या थंडीत मला खोकला लागला, जाता जात नाही. सहादू म्हणतो वयाचं आहे. मी खोकायला लागले की फौजदार असेल तिथून उठतो, येतो आणि माझ्यासमोर बसतो. तोंड मिटून. मी त्याला म्हणते, भुंक रे. भुंक, कुठे जायचं नाही आता आपल्याला. कान धरून सांगते, ओरडून सांगते. तो माझ्याकडे बघत बसतो आणि शेपूट हलवतो.